बाहीवरचे पंख

दिवाळीची साफसफाई म्हटलं की आम्हा बायकांच्या अंगात काय संचारतं कोण जाणे! माळे रिकामे होतात, ट्रंका उघडतात आणि 'हे कशाला ठेवलंय अजून?' हा प्रश्न दर पाच मिनिटांनी घरात घुमतो. २००९ सालच्या दिवाळीत माझ्याही अंगात असंच वारं शिरलं होतं. त्या वाऱ्यात मी एक वस्तू घालवून बसले. ती मी अजून शोधते आहे.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन १९९४ साली गोंदियाजवळच्या नागऱ्यात आले. प्राचीन शिवमंदिराचं आणि महाशिवरात्रीच्या जत्रेचं हे गाव. चहूकडे धानाची शेतं. माहेरी घरटी एक माणूस फौजेत, इकडे मात्र 'माझे वडील छत्रीधारी सैनिक होते' असं सांगितलं की शेजारणी कुतूहलानं बघायच्या. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. २००३ साली दादा गेले आणि आई एक काळी पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे राहायला आली.

त्या पेटीत दादांचा फौजेतला लोकरी शर्ट होता. फौजेत त्याला अंगोला शर्ट म्हणतात. कोपराला कसर लागलेली, कॉलर विरलेली. मी तो सरळ भांडेवालीच्या पुढ्यात टाकला. आमच्या साताऱ्याकडे तिला बोहारीण म्हणतात. दोन जुन्या साड्या, एक पँट आणि तो शर्ट, बदल्यात तांदळाचा स्टीलचा मोठा डबा. मी तर खुशीत होते!

संध्याकाळी आईनं पेटी उघडली आणि विचारलं, "ह्यांचा अंगोला कुठं गेला गं?"

मी डबा दाखवला. आई काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, "त्याच्या उजव्या बाहीवर पंख होते. एक पंख उसवला होता. खाकी दोरा नव्हता घरात, म्हणून मी काळ्या दोऱ्यानं टाचला होता."

त्या पंखांचा अर्थ मला त्या दिवशी नीट ठाऊकसुद्धा नव्हता. लहानपणापासून पाहिलेला बिल्ला. मधोमध पांढरी उघडलेली छत्री आणि दोन्ही बाजूंना फिकट निळे पंख, बोटभर लांबीचं कापड. पुढे वाचत, विचारत गेले तेव्हा कळलं की हा बिल्ला कुणाला उगाच मिळत नाही. आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत विमानातून पाच उड्या माराव्या लागतात, त्यातली एक रात्रीच्या अंधारात. त्यानंतर हे पंख लागतात. १९७५ सालापर्यंत ते उजव्या बाहीवर शिवले जात. त्यानंतर ते उजव्या छातीवर, नावाच्या पट्टीच्या वर आले. म्हणजे बाहीवर पंख असलेला शर्ट दिसला की समजायचं, हा त्याआधीचा.

दादांचा तर १९७१ चा. ते दुसऱ्या पॅरा बटालियनमध्ये होते. ही मूळची मराठा पलटण, म्हणून तिला 'टू पॅरा मराठा' असंही म्हणत. ११ डिसेंबर १९७१ ला संध्याकाळ व्हायच्या सुमाराला या बटालियनचे आणि तिच्या जोडीच्या तुकड्यांचे मिळून सुमारे सातशे सैनिक आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ विमानांतून उतरले. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घ्यायचा आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची, हे काम होतं. त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांना पुढे महावीर चक्र मिळालं. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, हीच बटालियन ढाक्यात शिरली.

दादा याबद्दल फारसं बोलत नसत. एक आठवण तेवढी सांगायचे. छत्री उघडली, खाली पाहिलं तर माणसं धावत येताना दिसली. आपली की परकी, कळेना. उतरल्यावर पाहिलं तर ते गावकरी! ओझी उचलायला, पेट्या वाहायला मदत करायला आलेले. "भीती वाटली का?" असं मी विचारलं की म्हणायचे, "दारात उभं राहीपर्यंत. मग वेळच नसतो."

हे सगळं ज्या बाहीवर होतं, ती बाही मी तांदळाच्या डब्यावर दिली होती.

दुसऱ्या दिवसापासून माझा शोध सुरू झाला. भांडेवालीला गाठलं, तर माल केव्हाच पुढे गेलेला. गोंदियाच्या बाजारातले जुने कपडेवाले झाले, भंगारवाले झाले, महाशिवरात्रीच्या जत्रेत स्वेटर-कोट विकणारे झाले. नागपूरला गेले की जुन्या बाजारात चक्कर ठरलेली. नवरा सुरुवातीला हसायचा, मग तोही रेल्वेतल्या ओळखीच्या लोकांना सांगू लागला. दादांचे पंख काही मिळाले नाहीत. पण दुसरेच पंख, दुसऱ्याच कुणाच्या टोपीचे बिल्ले, खांद्यावरच्या पितळी पट्ट्या हाती येत गेल्या. कुणी पाच रुपयांना, कुणी 'घेऊन जा ताई, आम्हाला काय करायचं' म्हणत फुकट. अशी मी संग्राहक झाले. ठरवून नव्हे, चुकीचं प्रायश्चित्त म्हणून!

आणि छंद लागला की माणूस मागे मागे जातोच. मीही १९७१ वरून दुसऱ्या महायुद्धात पोचले. आपल्या हवाई फौजेची सुरुवात तिथली. १९४१ साली दिल्लीत ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तिच्यात एक ब्रिटिश, एक भारतीय आणि एक गुरखा अशा तीन बटालियन होत्या. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज मणिपुरात घुसली, तेव्हा ही ब्रिगेड सांगशाक नावाच्या डोंगरी गावात जमिनीवरच लढली. छत्र्यांचा उपयोग विमानातून रसद टाकण्यापुरता, आणि तीही बरीचशी शत्रूच्या हद्दीत पडे. प्यायला पाणी पुरेना. त्या लढाईत त्यांच्या सोबत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही होती. ही माणसं तिथे अडून राहिली, म्हणून कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांचे मोलाचे दिवस वाया गेले.

त्याच वर्षी ४४ वा भारतीय एअरबोर्न डिव्हिजन तयार झाला. १९४५ मध्ये त्याच्या तुकड्यांचा मुक्काम बिलासपूरला होता. म्हणजे आमच्या गोंदियाच्याच रेल्वेमार्गावर! आणि आमच्या जिल्ह्यातला बिरसीचा विमानतळ, तोही इंग्रजांनी युद्धकाळातच, १९४० साली बांधलेला. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, अरे, ही गोष्ट फक्त साताऱ्याची नाही, इथलीही आहे.

या डिव्हिजनची खूण फार देखणी आहे. गडद मरून चौकोनावर फिकट निळा पंखांचा घोडा आणि त्यावर भाला घेतलेला स्वार. ग्रीक पुराणातला हा पेगासस घोडा. ब्रिटिश हवाई फौजेसाठी त्याचं चित्र एडवर्ड सीगो या चित्रकारानं काढलं होतं. त्यांच्या मरून टोपीबद्दल एक गमतीदार दंतकथा आहे. हा रंग म्हणे सेनापती ब्राउनिंग यांच्या पत्नीनं निवडला. ही पत्नी म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकार डॅफ्नी द मोरिए. तिच्या 'रेबेका' कादंबरीवरून आपल्याकडे १९६४ साली वहिदा रहमानचा 'कोहरा' आला होता. गोष्ट छान आहे, पण खुद्द डॅफ्नीबाईंनीच ती खरी नसल्याचं पत्रानं कळवून टाकलं! आपल्या ५० व्या पॅरा ब्रिगेडच्या आजच्या खुणेतही पंख आहेतच. अर्धा माणूस, अर्धा पंखवाला घोडा. त्याचं नाव शत्रुजीत.

आता तुम्ही म्हणाल, फौजेच्या बिल्ल्यांशी आपला, म्हणजे बायकांचा, काय संबंध? मैत्रिणींनो, संबंध सुईदोऱ्याचा आहे. बिल्ला म्हणजे शेवटी भरतकामच की! जगभरच्या सैन्यांचे जरीचे बिल्ले आजही वाराणसीचे जरदोजी कारागीर हातानं भरतात. युद्धात बंगालच्या तागाचासुद्धा हात लागलाय. १९४४ मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर पॅराशूटची टंचाई पडली, तेव्हा सेनापती स्लिम यांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. माणसांसाठी नव्हे, सामान टाकण्यासाठी. नेहमीच्या छत्रीला वीस पौंड लागत, ही साधारण एका पौंडात व्हायची. म्हणजे टंचाईत भागवण्याचा आपला बायकांचा गुण सेनापतींनाही शिकावा लागला!

बिल्ला खरा की खोटा, हे ओळखायला मला माझं शिवणकामच उपयोगी पडलं. अर्थात एकदा ठेच खाल्ल्यावर. एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून मी आठशे रुपयांना तो पंखांच्या घोड्याचा बिल्ला घेतला. 'महायुद्धातला आहे, मॅडम!' भिशीचे पैसे होते. घरी आणून उलटा करून पाहिला तर मागचा दोरा चकचकीत. मनात पाल चुकचुकली. गावातल्या दुकानात नोटा तपासायचं जांभळ्या दिव्याचं यंत्र आहे, त्याखाली धरला. दोरा असा पांढराशुभ्र चमकला की दुकानदारही हसला. जुना सुती दोरा त्या दिव्याखाली सहसा असा चमकत नाही. युद्धानंतरच्या काळात धाग्यांत आणि साबणांत उजळपणा आणणारी द्रव्यं आली, ती चमकतात. जुना बिल्लाही नव्या साबणानं धुतला असेल तर थोडा उजळतो, हेही लक्षात ठेवायचं. तेव्हापासून माझा नियम एकच, बिल्ल्याचं तोंड नंतर, आधी पाठ बघायची. पाठीवर गाठी, घाम, उन्हानं विटलेला कडेचा भाग, शर्टावरून काढताना राहिलेले दोऱ्याचे तुकडे, हे सगळं दिसलं तर तो बिल्ला कुणीतरी जगलेला असतो.

पण खरा धडा मला मिळाला तो पुढे. माझ्या छंदाची गावात चर्चा झाली होतीच. एके दुपारी शेजारच्या खेड्यातली एक बाई आली. पिशवीतून जुन्या पावडरचा डबा काढला. आत घडी करून ठेवलेलं मरून कापड, रंग उडून विटकरी झालेला. त्यावर निळा घोडा, निळा स्वार. माझे हात थरथरले. उलटून पाहिलं. पाठ अगदी खरी होती.

"आजेसासऱ्याचा आहे, ताई. घेता का? पोरीच्या कॉलेजची फी भरायची आहे."

खोटं कशाला सांगू, मोह झाला. अशा बिल्ल्याला हौशी लोक चांगले पैसे मोजतात हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. पाचशे म्हटलं असतं तरी ती देऊन गेली असती. आठशे रुपये खोट्यावर घालवले होते, इथे खरं चालून आलं होतं. वही उघडली. नव्या वस्तूची नोंद करायची माझी सवय. पहिला रकाना, 'कुणाचा?'

"नाव काय त्यांचं? कुठल्या पलटणीत होते?"

नाव तिनं सांगितलं. पुढचं तिला काहीच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. "घरात आत्येसासू आहे, नव्वदीची. तिलाच ठाऊक असेल," म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे आमची काळी पेटी आली. कुठल्याशा शहरात दादांचे पंख हातात घेऊन एखादा संग्राहक असाच बसला असेल. काळा दोरा बघून म्हणत असेल, 'शिलाई चुकीची, किंमत कमी.' तो दोरा काळा का आहे, हे त्याला कोण सांगणार? आपल्या लष्करी पदकांच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. कापडी बिल्ल्यावर काहीच नसतं. घराबाहेर पडला की तो अनाथ होतो.

मी वही मिटली. म्हटलं, "आज नाही घेत. चला, तुमच्या आत्याबाईंना भेटू."

आत्याबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. बिल्ला हातात दिला तर आधी त्यांनी तो नाकाशी नेला. मग बोलू लागल्या. "बाप बर्म्यात होता जी आमचा. दोन सालं चिठ्ठी नाही. आई रोज देवळात जाई. आला तवा संगं पांढरं कापड आणलं, छत्रीचं म्हणे. आईनं त्याले रंगवलं. त्याचा झंपर घालून मी लग्नात मिरवली."

बाप म्हणजे त्या बाईचे आजेसासरे. नातसून दारात उभी राहून ऐकत होती. पंचवीस वर्षं त्या घरात राहून तिनं हे पहिल्यांदा ऐकलं होतं. ती मुलगी, जिची फी भरायची होती, तीही आतून येऊन बसली आणि पणजोबांबद्दल एकामागून एक प्रश्न विचारायला लागली. मी फक्त लिहीत होते. त्या दिवशी माझ्या वहीची चार पानं भरली, आणि बिल्ला त्यांच्याच घरी राहिला. फीचं आम्ही बचत गटाच्या कर्जातून बघितलं. पुढच्याच वर्षी आत्याबाई गेल्या. त्या दुपारी मी घाई करून पाचशे रुपये हातावर ठेवले असते तर? बिल्ला माझ्या कपाटात असता आणि झंपराची गोष्ट आत्याबाईंबरोबर गेली असती.

तेव्हापासून मी घरातून आलेला बिल्ला विकत घेत नाही. आधी गोष्ट लिहून देते, फोटो काढते, कसा जपायचा ते सांगते आणि परत करते. भंगारातून, बाजारातून आलेले, ज्यांचं कुणी उरलं नाही असेच तेवढे माझ्याकडे राहतात. आज असे चाळीसेक आहेत.

तुमच्याही माळ्यावर एखादी अशी पेटी असेल. सासऱ्यांची, आजोबांची, मामांची. तर एवढं करा. बिल्ला शर्टावर शिवलेला असेल तर उसवू नका, शर्टासकट ठेवा. साबणानं धुऊ नका. पितळी बिल्ला पॉलिश लावून घासू नका, घासून घासून त्याची नक्षी जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका. धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, कडुनिंबाचा वाळलेला पाला बाहेरच्या घडीत ठेवा आणि पावसाळा संपला की सावलीत वारा द्या. आणि हौस म्हणून ते पोराच्या अंगावर चढवून मिरवू नका. सैनिक नसताना सैनिक भासवण्यासाठी त्यांचा पोशाख किंवा खूण वापरणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

पण या सगळ्याआधी एक काम करा. घरात जे कुणी वयानं मोठं आहे, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. नाव, नंबर, पलटण, कुठल्या साली कुठे होते, रजेवर आले तेव्हा काय आणलं, पत्र यायचं का. पुरुष लढायांच्या तारखा सांगतील. घरच्या बाईला विचारलंत तर ती दोऱ्याचा रंग सांगेल. दोन्ही लिहा. एका छोट्या कापडी पट्टीवर नाव लिहून ती वस्तूसोबत ठेवा. पलटणीचे कागद हरवले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

मागच्या हिवाळ्यात बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात मला एक लोकरी बाही सापडली. नुसतीच बाही, उजवी. तिच्यावर फिकट निळे पंख. धावत घरी आले. आईची नजर आता अधू झाली आहे. तिनं चष्मा लावला नाही, बोटांनीच पंखाची कड चाचपली. दोनदा, तीनदा. मी श्वास रोखून उभी.

"न्हाई गं," ती म्हणाली. "तुझ्या बापाचे न्हाईत हे."

माझा चेहरा पडला असावा. तिनं बाही मांडीवर पसरली, तळहातानं सुरकुत्या सारख्या केल्या आणि माझ्या हातात परत दिली.

"पण कुणाच्या तरी बापाचे हाईत. नीट ठेव."

तो स्टीलचा डबा अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. रोज त्यातून तांदूळ काढते. आणि दर दिवाळीला, माळ्यावरची पहिली वस्तू खाली टाकण्याआधी, आईला हाक मारते.